डीपी विरुद्ध ढेकळ्या

माझं लहानपण तसं वेळेवर संपलं, पण मोठेपण यायला फार उशीर झाला. मधली तीसेक वर्षं मी नुसताच वाढलो, वजनाने, पगाराने आणि आवाजाने. म्हणून या आठवणींत ‘मी मोठा झालो तेव्हा’ हे प्रकरण शाळेच्या, नदीच्या आणि मार खाल्ल्याच्या प्रकरणांनंतर लगेच न येता इतक्या पुढे आलं आहे. वाचणाऱ्याने घोटाळ्यात पडू नये म्हणून आधीच सांगून टाकतो. त्या वेळी मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, वीज खात्यात लाईनमन होतो, आणि मला मोठं केलं ते माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने. तेही मोबाईलमधल्या एका मातीच्या ढेकळाच्या हातून. ढेकळाला हात नव्हते, पण ती गोष्ट वेगळी.

आमचं घर वडस्यापासून सायकलच्या अंतरावरच्या गावात. दोन एकर धानाच्या बांध्या, पुढे टिनाची सपरी, मागे चूल आणि गॅस दोन्ही, कारण माझ्या बायकोचा, निर्मलाचा, दोघांपैकी कोणावरच पूर्ण विश्वास नाही. पावसाळ्यात या घरात चार आवाज कायम असत. बांधीतल्या बेडकांचा, टिनावरच्या पाण्याचा, साठ पावलांवरच्या डीपीच्या घुंईचा आणि माझ्या फोनचा. डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. तो घुंई करत असला की गाव मला विसरून जाई, आणि गप्प झाला की सगळ्या गावाला एकदम माझी आठवण येई. “भाऊ, लाईन कधी येते?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की माझ्या मयतीला जमलेले लोकही हाच विचारून जातील. त्या दिवसांत घरात वास्त्याची भाजी रोज. बांबूचे कोवळे कोंब पातळ कापून रात्रभर पाण्यात ठेवायचे, कडूपणा काढायचा, आणि सुकवट, म्हणजे सुकी मासळी, घालून असा रस्सा करायचा की शेजारच्याने भिंतीपलीकडून विचारावं, “वैनी, वास्ते कुठी भेटले?” निर्मला कधीच सांगत नसे. जागा सांगितली की जागा राहत नाही, असं तिचं म्हणणं.

सोनल ही आमची धाकटी. थोरला चेतन तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता आणि दर रविवारी फोन करून आम्हाला ‘सगळं ठीक’ एवढंच सांगत होता. सोनलची दहावी झाली होती आणि निकाल चांगला लागला होता. निकालापासून ती मामाच्या जुन्या मोबाईलवर एक खेळ खेळत सपरीत पडून असे. हा मामा म्हणजे निर्मलाचा भाऊ प्रमोद. तो हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाचं काम करतो आणि उरलेले महिने वडस्याला रिचार्जचं दुकान चालवतो. चार महिने धमक्या द्यायची सवय लागल्यामुळे उरलेल्या आठ महिन्यांतही तो साधं बोलू शकत नाही. त्याने चहा मागितला तरी तो सूड मागतो आहे असं वाटतं.

खेळात चित्रविचित्र प्राणी होते. प्रत्येकाचं एक तत्त्व होतं: आग, पाणी, पाला, वीज, कीड, माती. दोघांनी आपापले तीन-तीन प्राणी घ्यायचे, एकेक पुढे करायचा आणि झुंजवायचे. प्राणी कितीही दांडगा असला तरी समोर कोण आहे यावर सगळं ठरायचं. हे मला सोनलने एका दुपारी समजावून सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. मी शेजारी लाखोरीच्या डाळीचे वडे खात बसलो होतो आणि माझं पोट भरलेलं असलं की मी फार चिकित्सक होतो.

“पाय बाबा, पाण्यानं आगीले मारलं तं मार दुप्पट लागते. आगीनं पाण्याले मारलं तं अर्धा.”

“एवढं तं मले बी समजते व. यात शिकाचं काय आहे?”

“आन पाला पाण्याले हरवते.”

“कसा काय? बांधीत पुराचं पाणी चार दिवस थांबलं तं धान सडून जाते. त्या कंपनीवाल्याले सांग, इथी येऊन पाय म्हणा.”

“पाला पाणी पेते, बाबा. म्हणून हरवते.”

“बरं. आन आग पाल्याले?”

“जाळते. दुप्पट मार.”

“साफ चूक!” मी वडा खाली ठेवला. “उन्हाळ्यात तेंदूची झुडपं छाटतात, खालचा पालापाचोळा जाळतात. मंग महिनाभरात नवा पाला कसा निघते? हा असा! तं मंग जिंकलं कोण, सांग मले. आग का पाला?”

प्रमोद दारातूनच म्हणाला, “भाऊजी, तुम्ही गेम शिकून राह्यले का कोर्टात केस लढून राह्यले?”

कीड पाल्याला खाते हे मात्र मी ताबडतोब मान्य केलं. ज्याने आपल्या धानावर तुडतुडा पाहिला आहे त्याला हे कोणी शिकवायला नको. वीज पाण्याला दुप्पट मारते हे ऐकून तर माझी छाती फुगली. खेळ बनवणाऱ्याला काही तरी अक्कल आहे, असं मी जाहीर केलं. मग सोनल म्हणाली, “आन माती हाये ना बाबा, ते लय भारी आहे. तिच्यावर—”

“माती?” मी तिला तोडलं. “माती काय लढते? माती तं पायाखाली असते.”

सोनलने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाली, “बरं.”

आमच्या घरातल्या बायका ‘बरं’ म्हणतात तेव्हा कोणाचं तरी नुकसान ठरलेलं असतं. हे मला आज कळतं. तेव्हा मी दुसरा वडा उचलला. त्यानंतर तिने मातीबद्दल मला एक अक्षर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे मान्य करायचं, आणि तो माझा स्वभाव नव्हता. लाईनमनला गावात सगळे ‘भाऊ’ म्हणतात. वीस वर्षं कोणी तुम्हाला भाऊ म्हणत राहिलं तर आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं.

त्याच आठवड्यात तिचा नंबर लागला. चंद्रपूरला, तंत्रनिकेतनात, इलेक्ट्रिकलला. तिने फॉर्म कधी भरला होता हे निर्मलाला माहीत होतं, प्रमोदला माहीत होतं, पुण्याला चेतनला माहीत होतं. मला सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती, आणि वाटली नव्हती ते बरोबरच होतं, कारण कळल्याबरोबर मी ताटावरून हात आखडून घेतला.

“इलेक्ट्रिकल? पोट्टीच्या जातीनं खांबावर चढाचं?”

“खांबावर कोण चढून राह्यलं बाबा? डिप्लोमा आहे तो. आन चढाची पाळी आली तं चढीन.”

“वडस्याले अकरावी आर्ट्स घे. सकाळी जा, दुपारी ये. माह्या डोळ्यासमोर.”

“मले आर्ट्स नाई करायचं.”

“दिवसभर मोबाईलवर जनावरं लढवते, आन म्हणे विजेचं शिकते! तो विजेचा प्राणी नाई व, खरी वीज असते. हा पोरखेळ नाई.”

सोनलने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही. ती माझ्यावर गेलेली नाही. “पोरखेळ आहे ना? मंग हरवून दाखवा. शेवटची तारीख सोमवार, तीन आठवड्यांनी. आदल्या रविवारी खेळू. तीन-तीन प्राणी. मी हरली तं वडस्याले आर्ट्स घेईन, कधी तोंड उघडणार नाई. तुम्ही हरले तं चांदा.”

चांदा म्हणजे चंद्रपूर. आमच्याकडे जुनं नाव अजून तोंडात आहे. तीन आठवडे आहेत, मी वयाने, अनुभवाने, नोकरीने मोठा आहे, आणि हा लेकरांचा खेळ आहे, एवढा हिशोब करून मी म्हणालो, “ठरलं.” तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, की प्रमोद जेवायला बसला आहे. आमच्या नात्यागोत्यात भाचीच्या बाबतीत मामासमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही. पोरीचा पहिला घास मामा भरवतो, लग्नात मामा पाठीशी उभा राहतो, आणि मधल्या काळात तिच्या बापाने काय काय कबूल केलं होतं हे मामा लक्षात ठेवतो. प्रमोद हात न धुता उभा राहिला. त्याने उजवा हात वर केला आणि मंडपातल्या शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ऐकलं!”

दुसऱ्या दिवशी त्यानेच माझ्या फोनमध्ये तो खेळ घालून दिला. खलनायकाला दोन्ही बाजूंना मदत करायची सवय असते. मी तीन प्राणी पाळले. पाण्याचा एक मिशाळ मासा होता, त्याला मी मागूर म्हणायचो. आगीचा सरडा होता, तो इंगळ्या. आणि विजेचा एक पिवळा गोळा होता, अंगभर केस ताठ उभे, डोळ्यांतून ठिणग्या. त्याचं नाव मी डीपी ठेवलं. डीपीवर माझा जीव जडला. खोटं का सांगू, चेतनच्या पहिल्या पावलाचं मी इतकं कौतुक केलं नव्हतं जितकं डीपी चाळिसाव्या पायरीवर गेला तेव्हा केलं. मी सबस्टेशनच्या बाकावर बसून खेळलो, पानठेल्यावर खेळलो, एकदा आजारपणाची रजा टाकून खेळलो. जगाच्या पाठीवरचं कोणतं तरी लेकरू पलीकडून यायचं आणि मला दोन मिनिटांत आडवं करायचं. त्याची शाळा सुटायची वेळ मी पाठ केली आणि त्या वेळेला खेळणं टाळू लागलो. पानठेल्यावरचे लोक सल्ले द्यायचे. गावात सल्ल्याला जीएसटी नाही. “पोट्टीले काऊन शिकवता भाऊ एवढं, शेवटी पोळ्याच लाटते,” असं एकाने सांगितलं, आणि लगेच माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, “इथी पाण्याचा टाका ना जी, आग हाये समोर!” मी त्याचे दोन्ही सल्ले ऐकले. त्यातला एक बरोबर होता.

एके संध्याकाळी मी बाकावर बसून झुंज लावली होती आणि फोन वाजत होता. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. सात वेळा. आठव्यांदा प्रमोद मोटारसायकलवर स्वतःच आला. “भाऊजी,” तो म्हणाला, “गावात सगळीकडे लाईन आहे. फक्त लाईनमनच्या घरची नाई. ताईची वास्त्याची भाजी अंधारात करपली. ते म्हणून राह्यली, आज घरी नका येऊ.” मी गेलो. खांबावरून घरी येणारी वायर सुटली होती, पाच मिनिटांचं काम. ते झाल्यावर निर्मलाने मला करपलेली भाजी वाढली आणि समोर बसून ती संपेपर्यंत पाहत राहिली. जेवताना माझ्या मनात आलं, की आमच्या घरातही या खेळासारखंच आहे. प्रमोद आग, पण ती रंगमंचावरची. निर्मला पाणी. मी वीज, म्हणजे बाहेर माझा दरारा आणि घरात फ्यूजचा किटकॅट काढला की संपलो. सोनल कोण हे मला ठरवता येईना. मी तो प्रश्न तिथेच सोडला.

ठरलेल्या रविवारी दुपारी आम्ही सपरीत बसलो. बाहेर धानाच्या रोवणीचे दिवस होते, बायांचं गाणं दूरच्या बांधीतून येत होतं. निर्मलाने वडे तळले होते, पण कोणी हात लावत नव्हतं. सोनलने ओढणी कमरेला खोचली होती, जणू तीच उतरणार होती झुंजीत. मी सहज असल्यासारखा पायावर पाय टाकून बसलो. मी हरलो असतो तर माझं काय जाणार होतं? थोडी शान. ती हरली असती तर तिचं काय जाणार होतं ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच घरात इतकी शांतता होती. मला मात्र त्या शांततेतही आपण जिंकणार याची गुदगुल्या झाल्यासारखी खात्री होती. हे लिहिताना आज लाज वाटते, पण वाटली ती आज.

प्रमोद मधे उभा राहून सांगू लागला. “पहिली जोडी! भाऊजीचा मागूर! समोर भाचीचा... तरोटा!”

तरोटा म्हणजे पाल्याचा प्राणी. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या भाजीचं नाव तिने त्याला दिलं होतं. मी माझा सडलेल्या धानाचा सिद्धांत मनात धरून पाण्याचा लोंढा सोडला. तरोट्याने तो पिऊन टाकला. दोन वारांत मागूर उताणा. मी इंगळ्या काढला. आगीसमोर तरोटा टिकला नाही, आणि मी निर्मलाकडे बघून भुवई उडवली. तिने बघितलं नाही. सोनलने पाण्याचा झिंगा पुढे केला आणि इंगळ्याला विझवला. माझा एकच उरला. तिच्याकडे झिंगा होता आणि एक कोणी तरी, जो तिने तीन आठवड्यांत मला एकदाही दाखवला नव्हता.

“आता येऊन राह्यला,” मी म्हणालो, “आपला डीपी.”

डीपीने झिंग्याला एका फटक्यात जाळलं. प्रमोदनेही शिटी मारली. माझ्या डोळ्यांसमोर सोनल वडस्याच्या कॉलेजात, सकाळी जाऊन दुपारी परत. मी पायावरचा पाय खाली घेतला आणि पुढे सरकलो.

मग सोनलने तिसरा काढला. पडद्यावर एक ढेकूळ आलं. खरंच ढेकूळ, नांगरटीनंतर शेतात पडलेलं असतं तसं, त्याला दोन मिचमिचे डोळे. “हा ढेकळ्या,” ती म्हणाली. मला हसू आलं. मी डीपीची सगळ्यात मोठी वीज सोडली. पडदा पांढरा झाला, फोन थरथरला, आणि धूर ओसरला तर ढेकळ्या तसाच. खाली अक्षरं आली. प्रमोदने ती सावकाश वाचली, “काहीच... परिणाम... झाला नाही.”

“रेंज गेली,” मी म्हणालो.

“रेंज फुल आहे जी, भाऊजी.”

मी पुन्हा सोडली. काहीच परिणाम झाला नाही. सोनल वार करत नव्हती, हातातली पाळी नुसती वाया घालवत होती. मी तिसऱ्यांदा सोडली. “हा गेम बिघडला आहे! इतकी वीज जाते कुठी?”

“मातीत, बाबा,” सोनल म्हणाली.

मागच्या अंगणात आमचा अर्थिंगचा खड्डा आहे. दर उन्हाळ्यात मी त्यात कोळसा, मीठ आणि पाणी ओततो. सोनल पाच-सहा वर्षांची असल्यापासून बादली धरून उभी राहायची आणि विचारायची, वीज जमिनीत गेली की काय होते? मी सांगायचो, काही नाही होत, जमीन सगळी वीज पिऊन टाकते, तिला काही लागत नाही. बावीस वर्षं मी हे काम केलं. परमिट घेऊन खांबावर चढायच्या आधी लाईनला अर्थिंगची साखळी लावल्याशिवाय मी तारेला कधी बोट लावलं नाही. त्या साखळीमुळेच मी आज हे लिहायला जिवंत आहे. आणि तोच मी, पंचेचाळीस वर्षांचा, खात्याचं ओळखपत्र खिशात असलेला माणूस, माती काय लढते म्हणून तीन आठवडे विजेचा गोळा पाळत बसलो होतो. गावातला कोणताही शिंपी, सुतार, वाणी या खेळात हरला असता तर चाललं असतं. ही चूक फक्त लाईनमनने केली तरच इतकी शोभून दिसते.

ढेकळ्याने एक धडक दिली. डीपीचे केस खाली बसले.

प्रमोदने हात वर केला, पण कोणी ओरडलं नाही. मी घसा साफ केला. “हे बरोबर नाई झालं. मले मातीचं कोणी सांगितलंच नाई.”

“मी सांगून राह्यली होती,” सोनल म्हणाली. “तुम्हीच म्हटलं, माती पायाखाली असते.”

“आणखी एक डाव खेळू. तीनात दोन.”

“मामासमोर एकच ठरला होता.”

“आन पडली खांबावरून तं? मी पाह्यलं आहे, आमचा एक माणूस माह्यासमोर चिकटला होता. तुले काय माहीत भीती काय असते!” हे खोटं नव्हतं. तो माणूस मी खरंच पाहिला होता, आणि अजूनही मला कधी कधी दिसतो. त्या वेळी मात्र मी त्याला माझी हार झाकायला बोलावलं होतं.

तोपर्यंत निर्मला एक शब्द बोलली नव्हती. ती वड्यांची ताटली उचलता उचलता म्हणाली, “चेतनले कोणता गेम खेळाले लावला होता तुम्ही?”

मी फोन उलटा करून ठेवला.

“त्याले तं तुम्हीच म्हणत होते, इलेक्ट्रिकल घे, बापाचं नाव काढ. त्यानं मेकॅनिकल घेतलं तं दोन दिवस जेवले नाई तुम्ही. तवा खांब नवते का? तवा माणसं चिकटत नवते?”

तिने विचारलं आणि ताटली घेऊन आत निघून गेली. प्रमोद, ज्याने आयुष्यात कोणत्याही प्रवेशानंतर टाळी घेतल्याशिवाय रंगमंच सोडला नाही, तो चप्पल हातात घेऊन पाय न वाजवता पायऱ्या उतरला. सोनल फोन बंद करून आईच्या मागे गेली. मी सपरीत एकटा बसलो. बायांचं गाणं थांबलं होतं, त्या घरी जात असाव्यात. मुलाला मी आख्खी दुनिया न मागता देऊ केली होती, आणि मुलीला तीन आठवडे झुंजायला लावून वर पुन्हा डाव मागत होतो. चेतनला मी कोणत्याही ढेकळासमोर कधी उभं केलं नव्हतं. या विचाराला कोणत्याच तत्त्वाने दुप्पट किंवा अर्धा मार देता येईना. तो पुरताच लागला.

सोमवारी पहाटे आम्ही वडस्याहून चांदा फोर्टची गाडी धरली. सोनल खिडकीशी, मी तिच्या समोर, मधे टिनाची पेटी, तिच्यावर निर्मलाने दिलेला डबा. नागभीड मागे पडलं. पुढे रुळाला लागून एक लाईन पळायला लागली. सोनल बराच वेळ बघत होती. “बाबा, हे तेहतीसची आहे ना?”

मी न बघताच म्हणालो, “अकराची.”

“अकराले एकच चकती राहते. इथी तीन-तीन आहेत.”

मी वाकून पाहिलं. खांबामागून खांब चालले होते आणि प्रत्येकावर चिनी मातीच्या तीन चकत्यांची माळ. तेहतीस हजार व्होल्ट. हे तिला मी कधी शिकवलं होतं? बहुधा कधीच नाही. ती माझ्या मागे मागे फिरून बघत असावी, आणि मी पुढे चालत असल्यामुळे मला दिसलं नसावं. मी म्हणालो, “तेहतीसचीच आहे.” एवढंच. मग मी उगाच डब्याचं झाकण उघडलं आणि बंद केलं.

तंत्रनिकेतनात खिडकीसमोर मोठी रांग होती. बाप आणि पोरं, बाप आणि पोरं, मधे एखादी आई. आमचा नंबर आला तेव्हा कारकुनाने एक छापील कागद पुढे सारला. ‘मी माझ्या पाल्यास सदर अभ्यासक्रमास स्वखुशीने पाठवीत आहे,’ असं त्यावर होतं, आणि खाली सहीची रेघ. मी पेन उघडलं आणि थांबलो.

“सही करा ना जी काका,” कारकून म्हणाला, “मागं लाईन पाहा किती लागली आहे.”

सोनल माझ्या कोपराशी उभी होती. तिने कागद वाचला होता. हळूच म्हणाली, “बाबा, खरं सांगा. हरले म्हणून सही करून राह्यले ना?”

मी पेनाचं टोपण मागच्या टोकाला बसवलं. मग म्हणालो, “हो. हरलो म्हणून.”

“मंग बरं आहे. खुशीनं देल्लं असतं तं उद्या कोणी कान भरले का वापस मागितलं असतं तुम्ही. जिंकलेलं मागता येत नाई.” आणि लगेच ‘स्वखुशीने’वर बोट ठेवून म्हणाली, “मंग हा शब्द खोडा ना. खोटा आहे तो.”

कारकुनाने मान वर केली. मागच्या बापाने खांद्याने ढकललं. मी तिचं बोट बाजूला केलं आणि शब्दाला हात न लावता खालच्या रेघेवर सही केली.

“सरकारी कागद आहे व,” मी म्हणालो. “खाडाखोड चालत नाई.”